सोवनींचे तीन डिटेक्टर

मेटल डिटेक्टर कुठला घ्यावा, हे कृपा करून मला विचारू नका. आमच्या इथे अमेरिकेत, हर्नडनच्या मराठी ग्रुपवर कुणीतरी पसरवून ठेवलंय की मंजिरीला त्यातलं सगळं कळतं. मला त्यातलं काहीही कळत नाही. मला फक्त सोवनीकाका माहीत होते, आणि चार वर्षं त्यांच्या शेजारात आणि ऑफिसात काढल्यावर माणसाच्या कानात जे काय शिरतं तेवढं शिरलेलं आहे. ते बाहेर काढायची सोय असती तर मी कधीच काढून टाकलं असतं.

श्रीकांत सोवनी मूळचे पुण्याचे. आमच्याच ऑफिसात डेटाबेस सांभाळायचे, मी टेस्टिंगमध्ये. घर आमच्यापासून तिसरं. वय सत्तावन्न, उंच, खांद्यात जरा वाकलेले. शेतात चिखलात जायचं असलं तरी शर्ट पँटमध्ये खोचलेला. प्रत्येक वाक्याची सुरुवात 'एक मिनिट, एक मिनिट' अशी. त्यांच्या एका मिनिटात माझा मुलगा असता तर शाळा संपवून आला असता. मुलगी आहे, इरा, ती तेवढी हुशार, काका दिसले की सायकल वळवायची.

माणूस वाईट नव्हता हो. उलट कुणाच्याही मदतीला पहिला हजर. पण त्यांना एक रोग होता, तुलनेचा. 'तुलना केल्याशिवाय मत देऊ नये' हे ते इतक्या गंभीरपणे म्हणायचे की ऐकणाऱ्याला आपण काहीतरी पाप करत आलोय असं वाटावं. एकदा आम्हाला जेवायला बोलावलं. टेबलावर वरणाची तीन पातेली, त्यांवर चिठ्ठ्या, अ, ब आणि क. इंडियन ग्रोसरीत तीन कंपन्यांची तूरडाळ मिळते, त्यातली चांगली कुठली ते ठरवायचं होतं. पाहुण्यांच्या हातात कागद दिले, मार्क लिहा म्हणाले. माझा नवरा भुकेला होता, त्यानं तिन्ही वरणं भातावर एकत्र ओतली. सोवनींचा चेहरा असा झाला की जणू कुणी त्यांच्या कॉम्प्युटरवर पाणी सांडलंय. गाडी घ्यायला त्यांना दोन वर्षं लागली, कारण तुलना पूर्ण होईपर्यंत त्यातलं एक मॉडेलच बंद पडलं आणि मग सगळं पहिल्यापासून.

अशा माणसाच्या हाताला मेटल डिटेक्टर लागला. काय सांगू!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. एक लांब दांडा, त्याच्या टोकाला ताटलीएवढी चकती. ती जमिनीलगत झुलवत चालायचं. खाली धातू असला की मशीन आवाज करतं आणि पडद्यावर एक आकडा दाखवतं. लोखंडाला खालचे आकडे, चांदीला वरचे, मधे बाकीचं सगळं जग. आमच्या व्हर्जिनियात दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी यादवी युद्ध झालं, त्यामुळे शेताशेतांत बंदुकीच्या गोळ्या, सैनिकांच्या कोटांची बटणं, जुनी नाणी पडलेली असतात. गोरे आजोबा शेतकऱ्याची परवानगी काढतात, एक मशीन घेतात, आवाज आला की खणतात. साधा छंद आहे. घरी येऊन बटण धुतात आणि काचेच्या पेटीत ठेवतात.

सोवनींनी तीन मशिनं आणली. एकदम. दुकान तीस दिवसांत परत घेतं, म्हणून तीस दिवस वापरायची, न आवडलेलं परत करायचं, त्याच्या जागी चौथं आणायचं. परत करताना ओरखडा दिसू नये म्हणून चकतीपासून दांड्यापर्यंत स्वयंपाकघरातलं प्लॅस्टिक गुंडाळायचे. "पोळ्या झाकायला प्लॅस्टिक उरत नाही घरात," त्यांच्या पत्नी अलकावहिनी म्हणायच्या, "ह्यांच्या मशिनांना मात्र रोज नवं सोवळं."

मशिनांनाही नावं अ, ब आणि क. अ स्वस्तातलं आणि हलकं, पार्कातली नवी नाणी शोधायला उत्तम, पण आमच्या इथल्या तांबड्या मातीत लोखंड इतकं की तिथे नेलं की नुसतं किंचाळत बसतं. ब महागातलं, त्याला तांबडी माती चालते, आकडा नेमका दाखवतं. क सगळ्यात जड आणि सगळ्यात खोल जाणारं, पण त्याला लोखंड काय नि सोनं काय सारखंच, आवाज आला की मुकाट्यानं खणायचं. बघा, मलाही पाठ झालंय! पण "मग काका, चांगलं कुठलं?" असं विचारलं की, "एक मिनिट. तू शोधणार काय, कुठल्या जमिनीत, किती खोल, ओल किती, ह्यावर आहे ते." ह्या माणसानं चार वर्षांत एकदाही 'हे घ्या' म्हटलेलं मी ऐकलं नाही.

तुलनेसाठी त्यांनी घरामागे बाग केली होती. आमच्या टाउनहाउसचं परस म्हणजे सतरंजीएवढा तुकडा. त्यात मोजून चार इंचांवर, सहा इंचांवर, आठ इंचांवर नाणी, गोळ्या, खिळे पुरले होते आणि प्रत्येकावर आइसक्रीमची काडी रोवली होती. सोसायटीचं पत्र आलं की परसात परवानगीशिवाय पाळीव प्राणी पुरू नयेत. सोवनींनी तीन पानी उत्तर लिहिलं, नकाशासकट. शेवटी अलकावहिनींनी चिडून त्यावर मेथी पेरली. मेथी आली जोरात, पण उपटताना प्रत्येक जुडीबरोबर एक-दोन नाणी वर यायची आणि घरात भांडण व्हायचं, ते आम्हाला तिसऱ्या घरात ऐकू यायचं.

सोन्याचा आकडा त्यांना हवा होता. वहिनींनी साफ सांगितलं, "माझ्या अंगावरच्याला हात लावायचा नाही. मातीत तर मुळीच नाही." मग त्यांनी कुठल्याशा जुन्या वस्तूंच्या दुकानातून एक अमेरिकन अंगठी आणली, चौदा कॅरटची, आणि तिचा आकडा तक्त्यात सोनं म्हणून लिहून टाकला. चाळीस ते पंचावन्न. झालं. तो तक्ता त्यांनी मलाही शेअर केला. "तू टेस्टर आहेस, रिव्ह्यू कर." मी नुसतं 'लुक्स गुड' लिहून मोकळी झाले. आता वाटतं, तेव्हाच नीट बघायला हवं होतं.

त्यांच्याबरोबर एकदाच गेले मी, हौसेनं. पाऊण तासावर हँक म्हणून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं भोपळ्यांचं शेत होतं. ती परवानगी सोवनींनी कशी मिळवली माहितीये? हँक आधी नाही म्हणाला होता. मग ह्यांनी दर ऑक्टोबरात आपल्या चाळीस मराठी माणसांची सहल त्याच्या शेतावर न्यायला सुरुवात केली. आम्हाला वाटायचं, किती उत्साही माणूस, सगळ्यांना एकत्र आणतो! आम्ही तिथे भोपळे विकत घ्यायचो ते ह्यांच्या परवानगीसाठी, हे मला तिसऱ्या वर्षी कळलं.

तर त्या दिवशी सोवनींना एक सुंदर आवाज लागला. मी म्हटलं, खणा. "एक मिनिट." झेंडी रोवली. अ नं बघितलं, आकडा लिहिला. गाडीपर्यंत चालत गेले, ब आणलं. उभं झुलवलं, आडवं झुलवलं, लिहिलं. परत गाडी. क. दीड तास! मी उन्हात उभी. इरा म्हणाली, "काका, जस्ट डिग इट!" सोवनी म्हणाले, "एकदा खणलं की संपलं ना बाळा, मग तुलना कशी करणार?" हँक ट्रॅक्टरवरून हे सगळं बघत होता. शेवटी त्यालाच राहवलं नाही. फावडं घेऊन आला, एक घाव घातला आणि मातीतून गरुडाचं पितळी बटण काढून सोवनींच्या हातावर ठेवलं. युद्धातलं, खरंखुरं. सोवनींनी बटणाकडे पाहिलंसुद्धा नाही. विचारलं काय, तर "किती खोल होतं?" हँक म्हणाला, "मी फावड्यानं काढलं, बाबा. फूटपट्टीनं नाही." आणि निघून गेला. सोवनी दिवसभर हळहळत होते, खोलीचा रकाना रिकामा राहिला म्हणून.

असा माणूस. आणि गेल्या ऑक्टोबरात नेमकं त्याच्यावर अवलंबून राहायची पाळी आमच्यावर आली.

आई नागपूरहून चार महिन्यांसाठी आली होती. परत जायला आठ दिवस राहिले होते, म्हणून तिलाही हँकच्या शेतावर सहलीला नेलं. भोपळे बघून खूश झाली. "केवढाले हे, बाप्पा!" म्हणत एक उचलायला वाकली, आणि उठताना त्याच्या वाळक्या देठात मंगळसूत्राची पोत अडकून तुटली. काळे मणी सगळीकडे. एक वाटी स्वेटरच्या घडीत सापडली. दुसरी गेली. चाळीस माणसं गुडघ्यांवर बसून वेलांत हात घालत होती. तिथे आलेले गोरे लोक मुलांना बाजूला घेऊन आदरानं बघत उभे, त्यांना वाटलं ही आमची पूजाच आहे काहीतरी. अंधारायला लागेपर्यंत शोधलं. नाही मिळाली.

गेली होती ती माहेरची वाटी. माझे आजोबा आर्वीला पोस्टमन होते. आईच्या लग्नात त्यांनी स्वतःच्या बोटातली एकुलती अंगठी मोडून ती वाटी घडवली. आईला भाऊ-बहीण नाही. आर्वीचं घर भाड्याचं, ते केव्हाच सुटलं. आजोबांचा धड एक फोटोही नाही घरात. गाडीत बसल्यावर आई एवढंच म्हणाली, "तेवढंच होतं गं तिकडचं." घरी येऊन जेवली नाही. ही बाई कधी काही मागत नाही, चार महिने माझ्या घरात राबली, आणि अशी रिकामी परत जाणार.

सोवनी त्याच संध्याकाळी दारात. "मावशी, काळजी करू नका. तीन मशिनं आहेत आपल्याकडे." त्या क्षणी मला ते देवासारखे वाटले, कबूल करते.

रविवारी सकाळी शेतावर गेलो तर देवमाणूस दोऱ्या बांधत होता. शेताचे चौकोन! प्रत्येक चौकोनाला नंबर. दुपारपर्यंत दोऱ्याच. मग तक्ता उघडला. सोनं चाळीस ते पंचावन्न. तेवढ्याच आकड्यांना मशीन बोलेल, बाकी सगळ्याला गप्प बसेल, अशी सोय करून त्यांनी चालायला सुरुवात केली. निघाल्या त्या कोल्ड्रिंकच्या कॅनच्या कड्या. पोतंभर कड्या. प्रत्येक कडीची नोंद. मी म्हटलं, "काका, सगळंच खणू या ना." "एक मिनिट, मंजिरी. साठच्या पुढे सगळे नवे सेंट आहेत, ह्या शेतात सहलीच्या लोकांच्या खिशांतून हजारो पडलेत. ते खणत बसलो तर वर्ष जाईल." बुधवारी त्यांनी रजा काढली, एकटे गेले, कड्या घेऊन परत आले. हँकनं निरोप दिला की रविवारनंतर तो नांगर घालणार. आणि रविवारीच संध्याकाळी आईचं विमान.

शनिवारी आई म्हणाली, मी पण येते. बांधावर खुर्ची टाकून बसली. दोन तास सोवनींच्या फेऱ्या बघत होती. मग मला म्हणाली, "काय करून राहिले गं ते?" मी सांगितलं की त्यांच्या मशीनला सोन्याचा आकडा माहीत आहे, तोच शोधताहेत. "कोणत्या सोन्याचा?" म्हटलं, एका अमेरिकन अंगठीचा. आई उठली. ह्या आठवड्यात उरलेली वाटी तिनं साध्या काळ्या दोऱ्यात घालून ठेवली होती. ती गळ्यातून काढली, सोवनींसमोर धरली. "ही सासरची. दोन्ही जवळपास सारख्याच. ही दाखवा ना तुमच्या मशीनला."

सोवनींनी वाटी गवतावर ठेवली आणि मशीन वरून नेलं. मशीन गप्प. परत नेलं. गप्प. त्यांनी ती सोय काढून टाकली, परत नेलं. मशीन खणखणीत वाजलं. त्रेसष्ट.

आपलं सोनं बावीस कॅरटचं. इथलं चौदा. जितकं शुद्ध तितका आकडा वर, हे त्यांना पाठ होतं, ह्यावर त्यांनी मला एकदा लिफ्टमध्ये व्याख्यान दिलेलं. पण आठवडाभर ते ज्या आवाजांवरून मशीन गप्प करून चालत होते, त्यातच आमची वाटी होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय काय बोलले मी त्यांना, सगळ्यांसमोर! आई मला ओढत होती, गप्प बस म्हणत होती. सोवनी खाली बसले, मातीतच. मग त्यांनी दोऱ्या सोडवल्या, ब उचललं, आणि त्रेसष्टच्या आसपास जे वाजेल ते खणायला लागले. खरोखर खणत होते, हातानं, नखांनी. दिसेनासं होईपर्यंत सेंटच सेंट निघाले.

रविवारी ते पहाटेच एकटे गेले. आम्ही बॅगा भरत होतो. आई दर थोड्या वेळानं विचारायची, "फोन आला का?" मी लावत होते, तर लागत नव्हता. शेतावर सिग्नल जेमतेमच. एक वाजता निघालो, विमानतळ दहा मिनिटांवर. आईसाठी व्हीलचेअर सांगितली होती, ती घेऊन तिथला मुलगा आला, आणि आई मागे वळून वळून बघत सिक्युरिटीच्या आत गेली. माझ्याकडे बघत नव्हती. दाराकडे बघत होती.

आम्ही निघणार तोच सोवनी धावत आत आले. गुडघ्यापर्यंत चिखल, शर्ट बाहेर आलेला. हातात औषधाची डबी. तिच्यात वाटी. "सापडली! एक वाजता सापडली. तसाच निघालो." मी तिथेच रडले. आदल्या दिवशी ह्या माणसाला काय काय बोलले होते मी! त्यांचे दोन्ही हात धरले, माफी मागितली. ते खाली बघत होते. मला वाटलं, संकोचलेत. आईला मेसेज केला, फोटो पाठवला. तिनं आतून उत्तर पाठवलं, सोवनींना माझा नमस्कार सांग.

सोमवारी ऑफिसात काहीतरी शोधताना तो तक्ता उघडला. ह्यावेळी टेस्टरच्या डोळ्यांनी बघितला. खाली नव्या ओळी आल्या होत्या. 'बावीस कॅरट, वाटी, तांबडी ओली माती.' वेळेच्या रकान्यात, सापडली, नऊ चाळीस. त्याखाली ब, चार इंच, दहा दहा. ब, सहा इंच. ब, आठ इंच. मग अ, चार इंच, सहा इंच, आठ इंच. शेवटी क. त्याच्या दोनच ओळी, शेवटची वेळ एक पाच.

मी तीनदा वाचलं. नऊ चाळीसला सापडली होती. आई घरात होती. स्वयंपाकघरात उभी राहून विचारत होती, फोन आला का. आणि हा माणूस ती वाटी पुन्हा मातीत पुरत होता, इंच मोजून! मी त्यांच्या डेस्कवर गेले, स्क्रीन पुढे धरली. ते पांढरे पडले. "जगात कुणाकडे हे आकडे नाहीत, मंजिरी," ते हळूच म्हणाले. "आपल्या बायकांचं सोनं इथे किती हरवतं, बीचवर, बर्फात. मला वाटलं, पंधरा मिनिटं लागतील." मी म्हटलं, "काका, यापुढे माझ्याशी बोलू नका." आणि दोन महिने बोलले नाही. आईला सांगितलं नाही. काय सांगणार? तिचा नमस्कार परत मागू?

वाटी पाठवायची कशी, हा प्रश्न होताच. सोनं कुरियरनं कोण पाठवतं? ग्रुपवर विचारलं, इंडियाला कोण जातंय. डिसेंबरात सोवनीच निघाले होते. मी म्हटलं, त्यांच्याकडे तर नाहीच. पण आईच फोनवर म्हणाली, "त्यांनी शोधली, त्यांच्याच हातानं येऊ दे." मी दात-ओठ खात डबी नेऊन दिली. दारातच म्हटलं, "मधे कुठे पुरू नका." अलकावहिनी आत होत्या, त्यांना काही माहीत नव्हतं, हसल्या. सोवनी हसले नाहीत.

त्यानंतर ते हर्नडनला परत राहायला आलेच नाहीत. त्यांच्या मुलीला कॅलिफोर्नियात, सांता क्लाराला बाळ झालं, त्यांनी तिकडेच बदली घेतली, घर वहिनींनीच येऊन आवरलं. त्यामुळे मला ते शेवटचे दिसले ते फोनवर. इकडे सकाळचे साडेसात, मी इराचा डबा भरत होते. तिकडे नागपुरात संध्याकाळ. आईनं व्हिडिओ लावला होता. आमच्या हॉलमधल्या दिवाणावर सोवनी बसलेले, पुढे चिवड्याची बशी, हात न लावलेली. पुण्याहून रात्रभर बसनं आले होते, फक्त ह्याच कामासाठी. आईनं वाटी ओंजळीत धरली होती आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवत होती.

"मावशी," सोवनी म्हणाले, "मी खोटं बोललो. वाटी एक वाजता नाही सापडली. दहाला वीस मिनिटं कमी असताना सापडली. मी ती परत पुरली, पुन्हा पुन्हा. मशिनं तपासत बसलो. तुम्ही तेव्हा घरीच होतात. गळ्यात घालून जाता आलं असतं तुम्हाला."

माझ्या हातात पोळी तशीच राहिली. ह्या माणसानं हे सांगावं अशी माझी अपेक्षाच नव्हती. आई अंगठ्यानं वाटी पुसत होती.

"विमानात मी झोपले नाही, सोवनी," ती म्हणाली. "सारखा गळ्याला हात जाऊन राहिला होता."

सोवनींनी मान खाली घातली. त्यांचे डोळे भरले होते, स्क्रीनवरही दिसत होतं.

"मग?" आई म्हणाली. "आकडे तरी नीट आले का?"

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, जाऊ द्या हो मावशी, कसले आकडे. पाया पडला असता. सोवनींनी डोळे पुसले आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "दोन मशिनांचे आले. तिसऱ्याचा आठ इंचांचा राहिला. घाई झाली."

"काका!" मी इकडून ओरडले. इरा दचकली. आणि आई हसायला लागली. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत, किती तरी महिन्यांनी अशी हसली. सोवनींना काय झालं तेच कळेना, ते एकदा तिच्याकडे, एकदा फोनकडे बघत होते.

हसू ओसरल्यावर आईनं गळ्यातली दुसरी वाटी सोडवली, नव्या पोतीचा दोरा काढला आणि दोन्ही वाट्या त्यांच्या हातावर ठेवल्या. म्हणाली, मला सुईतलं दिसत नाही, तुम्हीच ओवून द्या. सोवनींनी चष्मा कपाळावर सरकवला. एक वाटी डोळ्यांजवळ नेली, मग दुसरी. उलटून बघितल्या. तळहातावर उडवून वजन बघितलं. परत पहिली.

"मावशी, यातली माहेरची कुठली? मला तर दोन्ही सारख्याच दिसतात."

आईनं न बघताच एकीवर बोट ठेवलं. "ही."

"कशावरून?"

"माझ्या बापानं केलीये ना," आई म्हणाली.

सोवनींनी पुढे काही विचारलं नाही. ते खाली वाकून दोरा ओवू लागले.